हरताळाखालचे अक्षर

सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडायला दिला त्या उन्हाळ्यात माळ्यावरचे सामान खाली उतरले. तांब्याचा बंब, मोडका पाळणा, पितळी अडकित्ते, आणि लाल फडक्यात बांधलेली एक पोथी. वर-खाली लाकडी फळ्या, मध्ये सुटी पाने, कुणा लेखकाचे टपोरे बाळबोध अक्षर. अधूनमधून पिवळे डाग. मला वाटले, पूजेच्या वेळी हळद सांडली असेल. पण हळद कागदात मुरते आणि वर्षांनुवर्षांत फिकी पडते. हा पिवळा कागदाच्या वर साय धरावी तसा बसला होता, आणि पान खिडकीशी तिरके धरले की किंचित चमकत होता. डागाखाली अक्षरे होती.

तो हरताळ होता. गंधक आणि आर्सेनिक यांचे संयुग, जमिनीतून निघणारे पिवळे खनिज. वजनाने पाहिले तर त्यात सुमारे ६१ टक्के आर्सेनिक असते. तो खलात बारीक घोटायचा, डिंकाच्या पाण्यात कालवायचा आणि चुकलेल्या अक्षरावर बोरूने किंवा कुंचल्याने लावायचा. वाळला की त्याच जागी पुन्हा लिहिता येते. खाडाखोड दिसत नाही, कागद खरवडून पातळ होत नाही, आणि कसरही तिथे तोंड घालत नाही.

आमच्या पोथीतले दोन डाग मी बराच वेळ पाहत बसलो. पहिला गव्हाच्या दाण्याएवढा. एक अक्षर चुकले, लेखकाने त्यावर हरताळ लावला, वाळू दिला आणि पिवळ्यावरच काळ्या शाईने बरोबर अक्षर काढले. दुसरा डाग दीड ओळीचा, आणि त्यावर काहीही नाही. खालची अक्षरे उजेडात लावून पाहिली तेव्हा उलगडले: दोन ओळींच्या शेवटी एकच शब्द होता, लेखकाचा डोळा चुकून वरच्या ओळीवर गेला आणि झालेला मजकूर त्याने पुन्हा लिहिला. त्याला दुरुस्त अक्षर नको होते, फक्त पुनरुक्ती जायला हवी होती. म्हणून ती जागा त्याने पिवळीच ठेवली. पोथी लिहिणाऱ्यांची पाठ, कंबर आणि मान या कामात मोडायची, असे ते स्वतःच पोथ्यांच्या शेवटी लिहून ठेवत. अशा थकलेल्या माणसाने आपली चूक मान्य केल्याची ती खूण आहे. लपवायचे असते तर त्याने इतका उजळ रंग घेतला नसता.

आता मराठीतला वाक्प्रचार घ्या. ‘तत्त्वांना हरताळ फासला’, ‘नियमांना हरताळ फासला’. वर्तमानपत्रात हा शब्द आठवड्यातून एकदा तरी भेटतो, आणि दर वेळी वाईट अर्थानेच. याचे रसग्रहण करायचे तर आधी क्रियापद पाहावे लागते. पोथीवर हरताळ लावतात, फासत नाहीत. फासणे हे हाताचे, तळव्याचे, जाड थराचे काम. अंगाला भस्म फासतात, देवाला शेंदूर फासतात, तोंडाला काळे फासतात. ज्याला फासले त्याचे मूळ रूप दिसेनासे होते. बोरूच्या टोकाने एका अक्षरापुरता लावायचा हरताळ भाषेने मूठभर घेतला आणि सगळ्या पानाला थापला. वाक्प्रचारात चूक राहिली नाही, दुरुस्ती राहिली नाही, वाळण्याची वाट पाहणे राहिले नाही. उरला तो फक्त पुसून टाकण्याचा उन्मत्तपणा. ‘तत्त्वांना हरताळ फासला’ या वाक्याची ताकदही इथेच आहे. जे साधन चुकीवर वापरायचे ते बरोबर गोष्टीवर वापरले, ही तक्रार त्यात अजून ऐकू येते. म्हणून हा वाक्प्रचार मला फार समर्पक वाटतो. त्याचे मूळ मात्र आपल्या डोळ्यांसमोरून गेले आहे, कारण पोथ्याच गेल्या.

(संपाचा हरताळ वेगळा. तो हट्ट म्हणजे बाजार आणि ताळा म्हणजे कुलूप यांवरून आला. हरताळ पाळतात तो हा, फासतात तो खनिजाचा.)

भाषेने हरताळाचे जे केले, तेच आपण त्याच्या औषधी रूपाचेही केले आहे, असे मला वाटते. तिथेही मूळ मजकूर बारकाईने लिहिलेला होता आणि आपण त्यावर जाड थर दिला. कुणी ‘आयुर्वेदात विष नसतेच’ असा, कुणी ‘हे सगळे विषच’ असा.

सदाशिव पेठेतून अप्पा बळवंत चौकाकडे चालत गेले की आनंदाश्रम लागतो. महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ साली स्थापन केलेली ही संस्था. कादंबरीकार हरि नारायण आपटे तिची व्यवस्था पाहत. तिच्या संस्कृत ग्रंथावलीत ‘रसरत्नसमुच्चय’ हा ग्रंथ निघाला. साधारण तेराव्या शतकातला, वाग्भटाच्या नावावर असलेला, तीस अध्यायांचा. रसशास्त्रात रस म्हणजे पारा. पहिले अकरा अध्याय खनिजे, धातू, रत्ने, भट्ट्या, मुशी, यंत्रे यांचे. रोग आणि औषधे त्यानंतर. काव्य म्हणून हा ग्रंथ कुणी हातात घेत नाही, पण मजकुराची रचना म्हणून वाचला तर तो अत्यंत सुंदर आहे, आणि त्याचे सौंदर्य सावधपणात आहे.

सातवा अध्याय रसशाळा कशी बांधावी हे सांगतो. आग्नेयेला विस्तवाचे काम, दक्षिणेला दगड फोडण्याचे, पश्चिमेला धुण्याचे, वायव्येला वाळवण्याचे, सिद्ध झालेले औषध ईशान्येला. धुणे आणि वाळवणे यांना वेगळी दिशा देणारा लेखक हा प्रत्यक्ष काम केलेला माणूस असणार. पाऱ्याचे दोष मोजताना तर शब्दांची निवडच सगळे सांगून जाते. नैसर्गिक दोष तीन: विष, वह्नी आणि मल. विषाने मृत्यू, वह्नीने दाह, मलाने मूर्च्छा. पाऱ्याला शिवाचे वीर्य मानणारी ही परंपरा. ज्याला देवाचे तेज म्हटले त्याचा पहिला दोष ‘विष’ असा रोखठोक लिहिताना तिचा हात थरथरला नाही. बाजारातल्या पाऱ्यात शिसे आणि कथील मिसळलेले असते, त्यांचेही दोष वेगळे मोजले आहेत. भेसळ आणि मूळ स्वभाव यांत फरक करणारी ही दृष्टी आहे.

तिसऱ्या अध्यायात हरताळ येतो. उपरसांच्या यादीत गंधक, गेरू, हिराकस, तुरटी यांच्या शेजारी, आणि त्याच्या लगेच पुढे मनशीळ, म्हणजे आर्सेनिकचेच तांबडे खनिज. हरताळाचे दोन प्रकार: पत्रताल आणि पिंडताल. पत्रताल सोन्याच्या वर्णाचा, जड, गुळगुळीत, पापुद्र्यांचा, चकाकणारा. पिंडताल पापुद्रे नसलेला, ढेकळासारखा, हलका आणि कमी गुणाचा. आजचा भूगर्भशास्त्रज्ञही हरताळ ओळखताना हेच पाहील: रंग, चकाकी, वजन, आणि अभ्रकासारखे सुटणारे थर. लॅटिनमध्येही या दगडाचे नाव सोन्याचा रंग अशाच अर्थाचे होते. माणसाचा डोळा सगळीकडे आधी त्या सोनेरी झळाळीवर गेला.

आता या थोड्याशा श्लोकांमधले एक जुळणी पाहा. हरताळाचा मुख्य गुण म्हणून सांगितले आहे ते कुष्ठहरण, म्हणजे त्वचेचे विकार घालवणे. आणि अशुद्ध हरताळाचे दुष्परिणाम म्हणून जी यादी दिली आहे ती अशी: आयुष्य घटणे, कफ आणि वात वाढणे, प्रमेह, दाह, अंगावर फोड येणे, अवयव आखडणे. जे द्रव्य त्वचा बरी करते असे म्हटले, तेच त्वचेवर फोड आणते हे त्याच्याच शेजारी लिहिले. स्त्रियांच्या ऋतुस्रावावर त्याचा विपरीत परिणाम होतो, हीही नोंद आहे. या यादीवर मी प्रत्येक वेळी थांबतो. आर्सेनिक हळूहळू शरीरात गेले तर त्याची पहिली दिसणारी खूण त्वचेवर उमटते. पश्चिम बंगाल आणि बांगलादेश इथे कूपनलिकांच्या आर्सेनिकयुक्त पाण्याने ज्यांना बाधा झाली त्यांच्या तळव्यांवर कठीण गाठी आल्या, अंगावर काळे-पांढरे ठिपके उठले. नसांवर परिणाम होऊन हातापायांना मुंग्या आल्या, बळ गेले. जुन्या श्लोकात हे सगळे ठाऊक होते असा दावा मी करत नाही. पण ‘स्फोट’ आणि ‘अंगसंकोच’ हे दोन शब्द कुणीतरी रुग्ण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहिलेले नाहीत, एवढे मला खात्रीने वाटते. त्या दोन शब्दांमागे माणसे आहेत, आणि त्यांचे सोसणे आहे.

मग येते शोधन. हरताळाची पुरचुंडी भांड्यातल्या द्रवात तळाला न टेकता टांगायची, हे दोलायंत्र. द्रव म्हणजे कोहळ्याचा रस, किंवा तिळाच्या क्षाराचे पाणी, किंवा चुन्याची निवळी, आणि मंद आच. पाकशास्त्राच्या पुस्तकात शोभावे असे हे साहित्य. तरी त्यात रसायन आहे. खाणीतल्या हरताळात सोमलाचा, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या आणि म्हणून फार घातक असलेल्या आर्सेनिकच्या प्राणिदाचा (ऑक्साइडचा) अंश असतो. तो क्षारात चटकन विरघळतो. पुरचुंडी टांगलेली असल्यामुळे जे सुटले ते भोवतालच्या पाण्यात राहते, आणि ते पाणी टाकून देतात. हरताळ स्वतः पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणूनच तो सोमलाइतका झटपट मारत नाही.

हरताळापासून करतात त्या कल्पांपैकी रसमाणिक्य हा माझ्या लेखी केवळ कृती म्हणूनही देखणा आहे. शुद्ध हरताळाचे तुकडे अभ्रकाच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये ठेवतात, कडा बोरीच्या पानांच्या कल्काने बंद करतात आणि खालून विस्तव देतात. अभ्रक जळत नाही आणि पारदर्शक असते. वैद्य वरून पाहत बसतो. आत पिवळे वितळते, गडद होते, आणि माणकासारखे लाल दिसू लागले की उतरवायचे. नाव त्या रंगावरून आले. अभ्रकाची ही खिडकी कुणाला सुचली असेल? ती दुहेरी काम करते: आतले दाखवते, आणि हवा अडवते. हरताळ उघड्या हवेत तापला तर त्याचा पांढरा धूर होतो, आणि तो धूर म्हणजे सोमल. हरताळभस्माची कसोटीही धुराचीच आहे: निखाऱ्यावर टाकले तर धूर निघता कामा नये. घरी करून पाहण्यासारखी ही गोष्ट मुळीच नाही. त्या धुराने माणूस मरतो.

माझ्या मनात जे आहे ते इथेच सांगतो. रंग लाल झाला म्हणून आर्सेनिक कुठे जात नाही. धुतल्याने घातक अंश कमी होतो, मूळ द्रव्य तेच राहते. शोधन झाले म्हणजे द्रव्य निर्विष झाले, असे जे आज सहज बोलले जाते ते या ग्रंथाच्या वळणाशी जुळत नाही. ग्रंथ मात्रा गुंजेत मोजतो, पथ्य सांगतो, अनुपान सांगतो. जे निर्विष आहे त्यासाठी इतका काटा कुणी धरत नाही.

चीनमध्येही याच दोन दगडांनी असाच दीर्घ संसार केला. हरताळाला तिथे ‘त्सहुआंग’ म्हणतात, म्हणजे मादी पिवळा. मनशिळेला ‘श्योंगहुआंग’, म्हणजे नर पिवळा. आपल्या रसशास्त्राच्या परंपरेत नेमके उलट: हरताळ विष्णूचा, मनशीळ लक्ष्मीची. खाणीत हे दोन्ही शेजारीशेजारी सापडतात, म्हणून दोन्ही संस्कृतींना त्यांच्यात जोडपे दिसले असावे; नवरा कोण आणि बायको कोण यावर तेवढे एकमत झाले नाही. चिनी वैद्यकात मनशीळ अजून काही औषधांत आहे. पाचव्या चांद्र महिन्याच्या पाचव्या दिवशी तिथल्या सणाला मनशीळ घातलेले मद्य पिण्याची रीत होती, आणि लहान मुलांच्या कपाळावर तेच मद्य लावत, आपल्याकडे तीट लावतात तसे. श्वेत नागिणीच्या प्रसिद्ध कथेत स्त्रीरूपात संसार करणारी नागीण हे मद्य पिते आणि तिचे मूळ रूप उघडे पडते.

पण मला थक्क केले ते लेखणीच्या बाजूने. चिनी लेखकही हरताळानेच चुका झाकत. त्यांचा कागद किडीसाठी पिवळा रंगवलेला असे, त्यात हरताळ मिसळून जाई. अकराव्या शतकातल्या शन ख्वो या विद्वानाने याची तुलनाच लिहून ठेवली आहे: खरवडले तर कागद दुखावतो, वर चिकटवलेला तुकडा निघून येतो, सफेदा अनेकदा लावावा लागतो, हरताळ एकदा लावला की अक्षर जाते आणि तो लवकर निघत नाही. आणि चिनी भाषेतही हरताळाचा वाक्प्रचार आहे. त्सिन राजवटीतला वांग येन वादात आपले बोलणे जागच्या जागी बदलायचा, तेव्हा त्याच्या तोंडातच हरताळ आहे असे लोक म्हणू लागले. पुढे त्यातून ‘तोंडाला येईल तसा हरताळ लावणे’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग रूढ झाला, म्हणजे वाटेल ते बेजबाबदार बोलणे. एकच दगड, एकच काम, आणि दोन दूरच्या भाषांनी त्याला दोषच दिला. तिथे जिभेला, इथे हाताला.

आर्सेनिकच्या बाबतीत चीनने पुढे केलेले एक काम आपण नीट पाहायला हवे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्बिन शहरात झांग तिंगदोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लोकऔषध तपासायला घेतले. त्यात सोमल होता, पाऱ्याचा क्षार होता, भेकाचे विषही होते. त्यांनी घटक एकेक करून बाजूला काढले, आणि रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर गुण येतो तो सोमलाचा, हे ठरवले. मग शुद्ध द्रव्य, मोजकी मात्रा, शिरेतून देणे, हृदयावर लक्ष ठेवणे. शांघायच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात ते आणखी पक्के केले. २००० साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. एकेकाळी झपाट्याने माणसे नेणाऱ्या या रोगातून आज बहुसंख्य रुग्ण बरे होतात. परंपरेचा मान राखणे म्हणजे काय, याचे मला ठाऊक असलेले हे सर्वांत चांगले उदाहरण आहे. त्यांनी जुने औषध आंधळेपणाने गिळले नाही आणि फेकूनही दिले नाही; चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावून बरोबर अक्षर लिहिले.

आपल्याकडे काय आहे? औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-१’ या अनुसूचीत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे. तिच्यात पारा, हिंगूळ, हरताळ, मनशीळ, सोमल, शेंदूर, मोरचूद ही सगळी नावे आहेत. यांपैकी काही असलेल्या औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापणे बंधनकारक आहे. २००४ साली अमेरिकेतल्या बॉस्टनच्या दुकानांतून आणलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. तेव्हा आपल्याकडे बराच संताप झाला. मला मात्र दुःख झाले ते वेगळ्या कारणाने. ज्या शास्त्राने पाऱ्याच्या पहिल्या दोषाला विष हे नाव दिले, त्याच्या वारसांना एका परदेशी नियतकालिकाने ते सांगावे, हे मला लागले. रसशास्त्र शिकवणारे वैद्य आमच्या पेठेत आहेत, महाविद्यालय आहे, आणि त्यांच्यातले अनेकजण ही सूचना काटेकोर पाळतात हे मी पाहिले आहे. अडचण होते ती ओळखीच्या ओळखीने पुड्या हातोहात जातात तेव्हा. त्या पुडीवर ना नाव, ना मात्रा, ना तारीख. त्या पुडीत रसशास्त्र नाही. ज्या औषधात पारा, हरताळ किंवा मनशीळ आहे ते नाव वाचल्याशिवाय, नोंदणीकृत वैद्याला समोर बसून विचारल्याशिवाय आणि रक्ततपासणीची तयारी ठेवल्याशिवाय कुणीही घेऊ नये. गरोदर स्त्रीने आणि लहान मुलाने तर अजिबात नाही.

आमची पोथी मी पुन्हा फडक्यात बांधली. पेठेत अजून बरेच वाडे पडायचे आहेत, आणि त्यांच्या माळ्यांवर अशी बासने आहेत. तुमच्या घरी निघाले तर ते रद्दीत देऊ नका. पिवळे डाग ओल्या बोळ्याने पुसू नका, तो हरताळ आहे आणि त्याच्याखाली अक्षर आहे. बोट जिभेला लावून पान उलटू नका, मुलांना हाताळू देऊ नका, बासन बांधून झाले की हात साबणाने धुवा. आणि मग ते भारत इतिहास संशोधक मंडळात घेऊन जा. १९१० साली वि. का. राजवाड्यांनी उभे केलेले हे मंडळ आपल्या सदाशिव पेठेतच आहे.